पाण्यातला आणि पंखवाली

अण्णा, ते दोन वेगळे पिक्चर होते. म्हणजे दोन वेगळ्या मालिका, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या. मासा आणि माणूस मिसळून हौदात तयार केलेला तो पाण्यातला आणि बर्फातल्या प्रयोगशाळेत वाढवलेली ती पंखवाली हे भाऊ-बहीण नव्हते. नांदेडला स्टेशनमागच्या आपल्या व्हिडिओ सेंटरमध्ये तुम्ही मला आणि समोर बसलेल्या हमाल-रिक्षावाल्यांना वर्षानुवर्षं जे सांगितलंत, ते सगळं तुमच्या मनचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी दोन्ही मालिका पहिल्या भागापासून ओळीनं पाहिल्या, हिंदीत डब केलेल्या, मोबाइलवर. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली. आता माझ्याशी हुज्जत घालायला तुम्ही नाही, म्हणून लिहितेय.

निमित्त माझ्या वर्गाचं झालं. मी लातूरला क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते हे तुम्हाला माहीत नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एस्सी. करत होते. जनुकांचा धडा चालू होता आणि मागच्या बाकावरची पोरं कुजबुजत होती, कोणती मालिका भारी यावरून. मला रागवायचं होतं, पण कान तिकडेच लागले. शेवटी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, बोला आता मोठ्यानं. एक पोरगा म्हणाला, पाण्यातल्याचं सायन्स बरोबर आहे. एक पोरगी म्हणाली, पण मॅडम, रडू येतं ते पंखवालीचं. मी अगदी सहज म्हणून गेले, "अरे, त्याचीच बहीण ना ती?" अख्खा वर्ग हसला, अण्णा. तीस-बत्तीस वर्षं मी तुमच्या भरवशावर होते आणि तुम्ही मला दीडशे पोरांसमोर तोंडघशी पाडलंत.

पण एवढ्यासाठी कुणी मेलेल्या माणसाला पत्र लिहीत नाही. काल एका संस्थेतून फोन आला. आम्हाला मूल नाही. दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवून आम्ही इतके दिवस वाट पाहत होतो की आता फोन येईल ही आशाही मी सोडली होती. चार वर्षांची मुलगी आहे. फोनवरच्या बाईंनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, तब्येत चांगली आहे, हुशार आहे, पण कुणी जवळ घ्यायला गेलं की चावते. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. तुमचे जावई नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात असतात, शनिवारी घरी येतात. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझं हो धर, पण दिवसभर तिच्याजवळ तू असणार, तेव्हा शेवटचं तू ठरव. सासूबाई मात्र तूर निवडता निवडता थांबल्या. "आगं, तान्हं असतं तर घडवता आलं असतं," त्या म्हणाल्या. "चार वर्साचं लेकरू म्हंजी घडून आलेलं. कुणाचं रगत हाय, काय हाय, काय म्हाईत? आत्ताच चावून राहिलंय." बाई वाईट नाहीत, अण्णा. मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणाऱ्या आहेत. रक्तात काय येतं आणि काय येत नाही, हे मी रोज फळ्यावर लिहून पोरांना समजावते, आणि त्यांच्यापुढे मात्र नुसती तुरीतले खडे वेचत बसले.

तुम्ही मला आणलंत तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि मीही चावायचे. तुम्ही दरवर्षी गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन आमच्या गावात यायचा. त्या वर्षी विसर्जन झालं, तुम्ही सामान बांधून परत गेलात आणि त्याच रात्री, पहाटेच्या भूकंपात गाव पडलं. आपल्या टीव्हीपुढे बसणारी माणसं शोधत तुम्ही मदतीच्या ट्रकमधून परत आलात. तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या घरची माझी आजी आणि मी, एवढीच उरलो होतो. आजीनं तुम्हाला काही मागितलं नाही. "लेकरू तुमच्या संगं धाडते. माझं काय, आज हाय उद्या न्हाई. पर ती चावती बरं का, सांभाळून घ्या," असं म्हणाली. हे, नांदेडला आल्यावर जी माझी आई झाली तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की मला स्वतःला आठवतंय असंच वाटतं.

नांदेडचं आपलं घर सिमेंटच्या छताचं. मी आत यायलाच तयार नव्हते. व्हिडिओ सेंटरवर मात्र पत्रे होते, आणि पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत नाही एवढं मला कळून चुकलं होतं. म्हणून मी दिवसभर तुमच्याजवळ सेंटरमध्ये. आई चिडायची, "लेकराला असले भुताचे पिक्चर दाखवून राहिलेत, उद्या दातखीळ बसंल तिची!" तुमचं उत्तर ठरलेलं, "तिला भुताचं भ्याव न्हाई, स्लॅबचं हाय." तर अशी मी, शाळेत जायच्या आधी, टीव्हीशेजारच्या स्टुलावर बसून त्या राक्षसांच्या संगतीत वाढले.

आपल्याकडे इंग्रजी पिक्चर चालायचे ते तुमच्या तोंडावर. तुम्हाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण आवाज बारीक करून, टीव्हीच्या बाजूला उभं राहून तुम्ही चित्र बघून सगळं सांगायचा. प्रयोगशाळा दिसली की, "हे बघा, माशाचं बी अन् माणसाचं बी एक करून राहिला डाक्तर. हायब्रीड ज्वारी करतेत का न्हाई, तसंच." बोंढार, मुदखेडकडून आलेली शेतकरी माणसं लगेच माना डोलवायची. माझ्या वर्गातल्या पोरांना हेच समजायला तीन तास लागतात. कॅसेटी हैदराबादहून यायच्या, कव्हर नसलेल्या, चिठ्ठ्या निघालेल्या, भाग मागचेपुढचे. एकदा एकाच पिशवीत दोन्ही मालिकांचे भाग आले आणि तुम्ही ते एकाच गोष्टीचे समजलात. पाण्यातला समुद्रात बुडताना दिसला, दुसरी कॅसेट लावली तर बर्फातून पंखवाली उडाली. तुम्ही क्षणभरही न अडखळता म्हणालात, "ही त्याची बहीण. भावाला हुडकून राहिली." पुढे हैदराबादला सिनेमाघरात जाऊन आलेल्या एका रिक्षावाल्यानं भर गर्दीत तुम्हाला टोकलं, "अण्णा, ये दोनों अलग पिक्चर है. रिश्ता नै इनका." तुम्ही शांतपणे कॅसेट मागे फिरवत म्हणालात, "आसंल. माझ्या सेंटरला भाऊ-बहीणच हायेत. ज्याला पटत न्हाई त्यानं हैदराबादला बघावं." तो रिक्षावाला पुढच्या आठवड्यात बहिणीचा भाग बघायला पहिल्या रांगेत होता.

आता दोन्ही मालिका नीट पाहिल्यावर माझं मत सांगते, पटतं का बघा. पाण्यातल्याचा पहिला भाग खरोखर चांगला आहे. प्राणी फार कमी दिसतो, नुसतं पाणी हलतं आणि आपण पाय वर घेऊन बसतो. पुढच्या भागांत त्यांनी त्याला शहरात आणून पार वाया घालवलंय. पंखवालीचं उलट. पहिल्याच भागात सगळं उघड दाखवून मोकळे, भागागणिक तिचा आकार वाढत जातो, चौथ्यात तर हसू येतं. सायन्स दोन्हीकडे यथातथाच. एक जनुक इकडचं तिकडे घालता येतं, पण म्हणून आठवड्यात पुरुषभर उंचीचा प्राणी हौदातून बाहेर येत नाही. तरी माझ्या मते पंखवालीची मालिका उजवी, कारण तिच्यातली डॉक्टरीणबाई. पाण्यातल्याचा डॉक्टर प्रत्येक भागात बंदूक घेऊन आपल्याच हातानं केलेल्याच्या मागे लागतो. ही बाई तिला मारायला जाते आणि मारू शकत नाही. मात्र दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, आणि ती तुम्ही तेव्हाच धरली होती. इतक्या मोठ्या प्रयोगशाळा, इतके पगारी लोक, आणि त्या जिवाला वेळेवर खायला घालताना कुणी दिसत नाही. तुम्ही दर खेळाला वैतागायचा, "आरं, उपाशी ठिवलंय त्याला! माणसं खाईल न्हाई तर काय करंल?"

एक दुपार मला लख्ख आठवते. पंखवाली अजून लहान आहे, काचेच्या पेटीत आहे. डॉक्टरीणबाई जाडजूड हातमोजे घालून तिला काहीतरी टोचतेय. मी स्टुलावर. दारात आई माझा डबा घेऊन आलीय आणि नेहमीसारखा तिच्या उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला आहे, कारण भरवताना मी तिला चावते. तुम्ही टीव्हीवरच्या बाईवर ओरडता, "हातमोजे काढ की बाई! असं कुणी लेकराला हात लावतंय व्हय?" सेंटर हसतं. आई हसत नाही. ती म्हणते, "मला बोलून राहिलेत का तुम्ही?" तुम्ही वळून बघता, टॉवेल बघता आणि गडबडता. "तुला न्हाई गं. त्या बाईला." आई तिथंच, सगळ्या माणसांसमोर, हाताचा टॉवेल सोडते, खांद्यावर टाकते आणि माझ्यापुढे खाली बसून भाकरीचा घास उचलते. त्या दिवशी मी चावले की नाही ते मला आठवत नाही. आई म्हणायची, चावलीस, पण हळू.

तुम्ही मला एकदाच रागावलात. पाण्यातल्याला जाळलं तेव्हा एका हमालानं टाळी वाजवली आणि मी जाऊन त्याच्या दंडाला दातच लावले. तुम्ही पिक्चर बंद केलात, मला बाहेर नेऊन उकिडवे बसलात. "चावून कुणाला काय कळतंय? तुला काय झालंय ते मला कसं कळावं? तोंड हाय नं, बोलायचं." मी म्हटलं, त्याला मारू नका. त्यानंतर आपल्या सेंटरवर तो कधीच मेला नाही. शेवट यायच्या आधी तुम्ही कॅसेट काढून घ्यायचा आणि उरलेलं तोंडी सांगायचा, तो सुखरूप बहिणीकडे गेला म्हणून. गिऱ्हाइकं शिव्या घालायची, काही जण कायमची दुसऱ्या सेंटरला गेली. दिवाळीत मी पहिल्यांदा खरे शेवट पाहिले. सासूबाई आत झोपल्या होत्या, म्हणून तोंडावर पदर धरून रडले.

दहावीनंतर तुम्ही मला लातूरला आणलंत. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. तुम्ही एका फलकाकडे मान वर करून बघत म्हणालात, "एवढे समदे डाक्तर झाले तर आजारी कोण पडंल?" मी अजूनही स्लॅबखाली नीट झोपत नव्हते, हे घराबाहेर कुणाला सांगायची मला लाज वाटायची. तुम्ही मला ना विचारलंत, ना बोललात. भर उन्हात एका एजंटला घेऊन खोल्या बघत फिरलात आणि प्रत्येक चांगली खोली नाकारलीत. तो शेवटी कावला, "काका, लोकं स्लॅबसाठी भांडून राहिलेत अन् तुमाला पत्रा पायजे? उन्हाळ्यात पोरगी भाजून निघंल!" तुम्ही म्हणालात, "भाजू दे. झोपंल तर खरी." डाळ मिलजवळ एका गच्चीवर ती पत्र्याची खोली मिळाली. एप्रिलमध्ये ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मी अभ्यास केला. मेडिकलला नंबर लागला नाही, पण त्या खोलीत मी रोज झोपले, अण्णा. मला माझ्या आयुष्यात इतकं मोठं दुसरं कुणी काही दिलेलं नाही.

सासूबाईंना आज हे सगळं सांगावं असं सकाळपासून मनात होतं. त्यांना एवढंच माहीत आहे की मी भूकंपातली मुलगी आणि तुम्ही मला वाढवलंत. मी चावायचे हे माहीत नाही. रक्ताची भीती मला नाही, ते मी शिकवते. माझी भीती वेगळीच आहे. तुम्हाला त्या हमालाच्या वेळेखेरीज माझा कधी राग नाही आला. आईचा हात सुजला तरी नाही. मला राग फार लवकर येतो, वर्गात खडू फेकून मारते मी. ती चावली आणि माझा हात उठला तर? आणि त्याहून मोठी भीती म्हणजे, मी सगळं नीट केलं, वेळेवर भरवलं, कधी हात उचलला नाही, आणि तरी तिला मी आवडलेच नाही तर? तुम्हाला असं कधी वाटलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं. तुम्ही होता तेव्हा मला हा प्रश्न सुचलाही नव्हता, तेव्हा मला वाटायचं, मी तुम्हाला आवडते की नाही एवढाच प्रश्न असतो. तर आता सांगते, उशिरा का होईना. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून आवडला होता. चावत होते तेव्हासुद्धा.

सासूबाई चहाला हाका मारताहेत, आता उठते. एक सांगायचं राहिलं. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे असं वर लिहिलंय, ते खरंच आहे, पण मी दुपारी दोन वर्गांच्या मधल्या सुट्टीत, जिन्यात उभं राहून, हो म्हणून कळवून टाकलंय. तुमच्या जावयांनाही अजून बोलले नाही, सासूबाईंनाही नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं.