सभासद क्रमांक आठ

३ नोव्हेंबर, रविवार

जिंकलो. दोन–एक. या हंगामातला पहिला विजय. आणि मला माहीत आहे, तो टिकणार नाही.

दुसरा गोल रुबेनचा. रुबेनला मागच्या रविवारी लाल कार्ड मिळालंय, आज तो खेळूच शकत नव्हता. तरी आमच्या कोचने, माझ्या थोरल्या भावाने फिर्मिनोने, त्याचं नाव यादीत लिहिलं आणि साठाव्या मिनिटाला आत पाठवलं. रुबेन घुटमळला. "मिस्टर, मी—" म्हणाला. कोचला इथे सगळे मिस्टरच म्हणतात. फिर्मिनोने पाठीवर थाप मारली. "जा क्विम, डावीकडून जा."

क्विम रुबेनचा बाप. पन्नाशीचा आहे, टायरचं दुकान चालवतो. वीस वर्षांपूर्वी तो फिर्मिनोकडे डावीकडून खेळायचा.

बाकावरची पोरं हसली. मिस्टरांची गंमत! अर्ध्या टीमचे बाप फिर्मिनोच्या हाताखाली खेळलेले. नाकं तीच, धावायची ढब तीच. वर्षभर तो पोरांना बापाच्या नावाने हाका मारतोय आणि सगळं गाव त्याला प्रेम समजतंय.

मी पाच पावलांवर वही घेऊन उभा होतो. हसलो नाही. बोललोही नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी पाचला अंक छपाईला. चाळीस ओळी दिल्या. त्यातल्या सहा रुबेनच्या गोलवर. लाल कार्डाबद्दल एकही नाही.

तेहेतीस वर्षं या साप्ताहिकात क्लबबद्दल लिहितोय. खोटं लिहिलं नाही आज. कमी लिहिलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

संत मार्टिनचा दिवस. फिर्मिनोकडे चेस्टनट आणि नवी वाइन.

भाजलेले चेस्टनट त्याने टेबलावर मांडायला घेतले. एक गोलात, चार मागे, चार मध्ये, दोन पुढे. एकेकावर बोट ठेवून नावं सांगत गेला. ती १९९४ ची टीम होती, चषकाच्या अंतिम सामन्याची. एकही नाव चुकलं नाही. त्यातले दोघं आता टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. सगळं सांगून झालं आणि त्याने गोलकीपर उचलून तोंडात टाकला.

"आता गोल कोण अडवणार?" मी म्हटलं.

"कोण अडवायचं आजवर? आमचा गोलकीपर तसाही कुणाच्या कामाचा नव्हता. चव बरी होती."

हे असं आहे. चेहरा हलत नाही त्याचा. गंमत करतोय की खरंच घसरलाय, साठ वर्षांत मला कधी ओळखता आलं नाही. आता तर अजिबात येत नाही.

मग सभासद क्रमांकाचा जुना विषय निघाला. बाबांनी आम्हा दोघांना एकाच सकाळी क्लबात नेऊन सभासद केलं. तो नऊ वर्षांचा, मी सहा. त्याचा क्रमांक २११, माझा २१२. दर पाच वर्षांनी क्लब मेलेल्यांची आणि सोडून गेलेल्यांची नावं काढतो आणि बाकीचे वर सरकतात. आता तो आठ, मी नऊ. येत्या मार्चमध्ये पुन्हा नवी कार्डं. आमच्या पुढचे दोघं गेले, म्हणजे तो सहा, मी सात. आमच्यातलं अंतर बदलत नाही.

"साठ वर्षं माझी पाठच बघतोयस, छोट्या," तो म्हणाला.

दर वर्षी म्हणतो. दर वर्षी मी "मग मर लवकर" म्हणतो. या वर्षी नाही म्हटलं. त्याने वाट बघितली असावी.

२० नोव्हेंबर, बुधवार

जिल्हा संघटनेचं पत्र आलं. अपात्र खेळाडू. सामना आपण हरलो असं धरलं, तीन गुण गेले. आता तळाला आम्ही, एका गुणावर.

संध्याकाळी अध्यक्ष अमिल्कार यांनी राजीनामा दिला. मुलीकडे लिस्बनला जातो म्हणाले. बरोबर चिटणीस आणि संघाचा व्यवस्थापकही गेले.

रुबेन फिर्मिनोच्या दारात जाऊन रडला म्हणे. "चूक माझी, मिस्टर. मीच सांगायला हवं होतं." आणि फिर्मिनोने त्याला माफ केलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो. औषधाच्या दुकानातल्या ओतीलियाबाईंनी मागच्या खोलीत बोलावलं. त्या अध्यक्ष व्हायला तयार आहेत. २५ जानेवारीच्या सभेत नवी कार्यकारिणी, नवा व्यवस्थापक आणि नवा कोच, सगळी यादी एकदम मांडायची. यादी मंजूर झाली नाही तर पुढच्या हंगामाला नोंदणीच नाही. एक्क्याण्णव वर्षांचा क्लब बंद.

"नावं तुम्ही शोधा, बाल्ताझार. जिल्ह्यातला प्रत्येक कोच तुम्ही बघितलाय."

"कोच आहे आपल्याकडे," मी म्हटलं.

त्या काउंटरवरच्या डब्या सरळ करत राहिल्या. "कोण कुठल्या गोळ्या नेतं ते मला माहीत असतं आणि मला बोलता येत नाही. तुम्हाला बोलता येतं."

म्हणजे इदालिनावहिनी फिर्मिनोच्या विसरण्यावरच्या गोळ्या इथूनच नेतात. इतके दिवस मला वाटत होतं की ओळखलंय ते मी एकट्यानेच.

हो म्हणून आलो.

७ डिसेंबर, शनिवार

पहिला उमेदवार. लॅपटॉप उघडून तासभर बोलला. 'प्रक्रिया' हा शब्द अकरा वेळा. आमच्या मैदानाला एकाच बाजूला दिवे आहेत हे सांगितल्यावर लॅपटॉप मिटला.

१४ डिसेंबर, शनिवार

लोरेन्सोला विचारलं. जुना बचावपटू, आता खाटीक. हातातला सुरा खाली ठेवला नाही त्याने.

"मिस्टर जिवंत असताना? त्यांच्या जागी? तुम्ही विचारताय हे?"

गिऱ्हाइकं ऐकत होती. मांस न घेताच बाहेर पडलो.

१८ डिसेंबर, बुधवार

तेल्मो. अडतीस वर्षांचा, शाळेत खेळाचा मास्तर. मुलींच्या संघाला त्याने दोन वर्षांत वर आणलं. सरावात एकदाही ओरडला नाही. मग आम्ही भिंतीवर बसून डुकराच्या मांसाचे पाव खाल्ले. दिव्यांबद्दल विचारलं नाही, पगाराबद्दल विचारलं नाही. एकच प्रश्न:

"जुने मिस्टर कुठे बसतील?"

मी पावाच्या कागदाची घडी घालत बसलो. पण हाच तो, हे कळलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज सांगणार होतो. कॉड मासा होता, बटाटे होते, वहिनींनी मेणबत्त्या लावल्या होत्या. नाही सांगितलं.

१२ जानेवारी, रविवार

शून्य–पाच. मध्यंतरात कपडे बदलायच्या खोलीत गेलो. फिर्मिनो बोलत होता. चषकाच्या त्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरातलं भाषण, शब्द न शब्द. "आपण एकच गोल मागे आहोत." तीन मागे होतो. अकरा पोरं माना खाली घालून ऐकत होती. मग रुबेन म्हणाला, "हो, मिस्टर. एकच."

कुणी हसलं नाही या वेळी. म्हणजे पोरांनाही कळलंय.

बाहेर वहिनी डबा घेऊन उभ्या होत्या. "भावजी, तुम्हीच सांगा त्यांना. माझ्या तोंडून ऐकलं तर घरात थांबणार नाहीत."

२० जानेवारी, सोमवार

सांगितलं. चॅपलच्या वाटेवर, चढ संपल्यावर, दोघांना धाप लागलेली असताना.

"फिर्मिनो, आम्ही नवीन कोच बघतोय."

"कुठल्या क्लबला?"

"आपल्या."

त्याने खाली मैदानाकडे बघितलं. "बरं करताय. आत्ता आहे तो म्हातारा झालाय."

मग तेल्मोबद्दल विचारलं. मागे तीन खेळवतो की चार? पोरांना शिव्या देतो का? डावी बाजू कोणाला देणार? असे प्रश्न जिल्ह्यात दुसरं कुणी विचारणार नाही. उतरताना माझा हात धरला. घसरडं होतं म्हणून.

किती हलका होऊन घरी आलो!

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी फिर्मिनोचा फोन. पुढच्या हंगामात क्विमला मध्ये खेळवायचा विचार आहे, तुला काय वाटतं?

संध्याकाळी जाऊन पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच प्रश्न. मागे तीन की चार.

२४ जानेवारी, शुक्रवार

तिसऱ्यांदा सांगायचं धाडस झालं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये सभा. दुपारी तीन वाजता. खुर्च्या कमी पडल्या.

नियम जुना आहे: यादी पन्नास वर्षांच्या सभासदाने मांडायची, उभं राहून, मोठ्याने वाचून. असे पंधरा जण उरलोत. काही अंथरुणाला, काही फ्रान्सला मुलांकडे, काही लोरेन्सोसारखे घुश्शात. फिर्मिनो पहिल्या रांगेत, लग्नातला कोट घालून. वाचायचं माझ्याकडे आलं.

अध्यक्ष: ओतीलिया. व्यवस्थापक: पोस्टातला एवारिश्तो. इथपर्यंत आवाज नीट होता. "मुख्य प्रशिक्षक", आणि पुढे नाव वाचायला मला किती वेळ लागला कोण जाणे. मी कागदाकडे बघत होतो. समोर बघितलं नाही.

ओतीलियाबाई म्हणाल्या, "मान्य असेल त्यांनी सभासद कार्ड वर करावं."

एकही हात वर नाही. सगळे फिर्मिनोकडे बघत होते. मागून लोरेन्सो मोठ्याने म्हणाला, "मिस्टरांना विचारा आधी. भावाने विचारलं नसेल."

फिर्मिनोने आतल्या खिशातून कार्ड काढलं. कोपरे झिजलेलं, आठ क्रमांकाचं. सावकाश वर केलं. मग सगळा हॉल वर झाला. टाळ्या वाजल्या. लोरेन्सोने तोंड फिरवलं, पण कार्ड त्यानेही वर केलं होतं.

त्याला घरी सोडायला मी गेलो. बेकरीच्या कोपऱ्यावर तो थांबला.

"काय रे, काढला कोणाला आज?"

त्याच्या तोंडाकडे बघितलं. काही दिसलं नाही. जे आधी दोनदा सांगितलं होतं ते तिसऱ्यांदा जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

"तू ओळखत नाहीस त्याला," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला. "थंडी आहे. जा घरी, छोट्या."

२८ जानेवारी, मंगळवार

सभेचा वृत्तांत दिला. बावीस ओळी. 'एकमताने.'

९ फेब्रुवारी, रविवार

तेल्मोचा पहिला सामना घरच्या मैदानावर. एक–एक. सामन्याआधी तो स्टँडवर आला, टोपी काढून फिर्मिनोसमोर उभा राहिला. "मिस्टर, बाकाशेजारी तुमची खुर्ची ठेवलीय."

"तिथून मैदान दिसत नाही," फिर्मिनो म्हणाला. "एकतीस वर्षं बसलोय, मला माहीत आहे."

तेल्मो हसला. मलाही हसू आलं. फिर्मिनो माझ्या शेजारीच बसला, गुडघ्यांवर वहिनींची शाल. पूर्ण सामना बघितला. रुबेनला रुबेन म्हणाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो. एक–शून्य. हा विजय टिकणार. अजून तळापासून दुसरे आहोत, पण माणसं परत यायला लागलीत. कठड्याला धरून उभी होती.

वहिनी म्हणतात तो झोपतो आता. जेवतो. सभेचा विषय काढत नाही. माझ्यावर राग नाही. रागवायला आठवावं लागतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण इथे तरी लिहितो: तो विसरला म्हणून मी सुटलो. देवाने मला असं सोडवलं.

२ मार्च, रविवार

बाहेरच्या गावी सामना. फिर्मिनो आला नाही, पाय दुखतोय म्हणाला. परतताना त्याच्याकडे गेलो, स्कोअर सांगितला. पत्ते खेळलो. दोनदा हरलो. निघताना दारापर्यंत आला, माझ्या कोटाची कॉलर नीट केली.

८ मार्च, शनिवार

क्लबच्या कार्यालयात नवी सभासद कार्डं आली. माझ्यावर सहा आकडा. तिथल्या कारकून झुल्मिराला म्हटलं, चुकलं, मी सात. सहा फिर्मिनो.

ती बराच वेळ कागद चाळत बसली. मग म्हणाली, "मिस्टर नाहीत आता यादीत. सभेनंतरच्या सोमवारी सकाळीच आले होते, कोट घालून. कार्ड टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, मिस्टर, आजवर कुणी कार्ड परत केलेलं नाही. तर म्हणाले, परवा ज्याला काढलं त्याला मी ओळखत नाही, असं माझा भाऊ म्हणतो. मग हे कार्ड कुणाचं?"