लोटनचं जाऊळ आणि पलंगभर टॉवेल

॥ श्री ॥
ता. २५ फेब्रुवारी १९८९

प्रिय मित्र दलिचंदभाऊ यास वनाचा रामराम.

मारवाडात पुतणीचं लग्न उरकून तू धरणगावला सुखरूप पोचलास, हे तुझ्या हीरालालकडून कळलं. धनकुंवरवहिनींचे गुडघे प्रवासात बरे राहिले असतील अशी आशा आहे. (माझ्या गुडघ्याची हकीगत पुढे येईल.) इकडे मंजुळा बरी आहे, पिठाची गिरणी चालू आहे, आणि आपण दोघं चौथीत एका पाटावर बसायचो तेव्हा होतो तेवढाच शहाणा मी अजून आहे.

माझ्या भाच्याचं, लोटनचं, तुला ठाऊकच आहे. भुसावळला आयटीआय करून आलेला तेवीस वर्षांचा पोरगा, मानेला गाठी आल्या आणि मुंबईच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. बरा होणारा आहे म्हणतात, पण इंजेक्शनाच्या सहाही पाळ्या पुऱ्या करायच्या, मध्ये सोडलं तर केलेलं वाया. तीन झाल्या. तिथपर्यंत त्याच्या आईच्या, भिकुअक्काच्या, पाटल्या आणि माझी शिल्लक पुरली. चौथीसाठी मी डोकं चालवायचं ठरवलं, आणि गावाचं जे काही नुकसान झालं ते तिथून झालं.

पौषात मी भरीत-पुरीचं जेवण ठेवलं. (तुला बोलावलं नाही. वांगं, कांदा, लसूण वजा केल्यावर तुझ्या ताटात नुसतं ताटच उरलं असतं.) बेत असा की हात धुवायच्या जागेजवळ डालड्याचा रिकामा डबा ठेवायचा आणि जेवून उठणाऱ्याने लोटनच्या औषधासाठी इच्छेप्रमाणे त्यात टाकायचं. लोक आले, पोटभर जेवले. पहिला उठला तो निंबा सुतार. त्याने डब्याकडे बघून खिशात हात घातला मात्र, मी धावत जाऊन त्याचा हात धरला आणि म्हणालो, "असं काय करता निंबाभाऊ, घरचं जेवण आहे." भाऊ, हे मी बोललो नाही, माझ्या बापजाद्यांची जीभ बोलली. आपल्या दारात जेवलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे, हे तिला झेपेना. निंबाचं बघून बाकीच्यांनीही हात खिशातून बाहेर काढले. वर मी प्रत्येकाला पान दिलं. संध्याकाळी डबा उघडला तर आत दात कोरलेल्या काड्या होत्या.

मंजुळाने तो डबा घासून फक्त माझ्यासमोर पालथा घातला. लोटन मात्र हसत होता. म्हणाला, "मामा, जेवणना पैसा कोणी देत नही, आहेर बठ्ठा लोक देतस. मनं जाऊळ करी टाका." इंजेक्शनांनी त्याच्या डोक्यावर एक केस ठेवलेला नाही, त्याची ती थट्टा. मी तिला दृष्टान्त समजलो. लहानपणी त्याचं जाऊळ राहून गेलं होतं हेही खरं, त्यामुळे देवाच्या घरीही खोटं ठरणार नव्हतं. गावभर निरोप गेला.

मागच्या सोमवारी समारंभ झाला. नथ्थू न्हाव्याने पेटी उघडली, लोटनच्या डोक्याकडे पाहिलं आणि पेटी मिटली. "वनाभाऊ, आता यात मी काय काढू?" तरी हक्काचा नारळ आणि धोतर घेऊनच उठला. भाच्याला मामाने मांडीवर घ्यायचं असतं. आजारपणाने उतरला तरी लोटन सहा फुटी. तो बसला आणि माझ्या गुडघ्यातून पापड मोडल्यासारखा आवाज आला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. भिकुअक्का हसता हसता रडायला लागली, मग लोटनच म्हणाला, "माय, रडू नको, मामाना पाय मोडना, मना नही."

आहेराचं तुला सांगायला नको. रोख द्या असं सांगायचं मला जमलं नव्हतं (ती बापजाद्यांचीच जीभ), म्हणून लोकांनी रीतीप्रमाणे आणला. टॉवेल-टोपी. प्रत्येकाने. पलंग भरला, मग त्याच्याखाली ठेवावे लागले. सगळ्या घड्यांवर तुझ्याच दुकानाची चिठ्ठी. हीरालालने एका आठवड्यात इतके टॉवेल विकले आणि गावाला एवढं न्हाण्याचं वेड कशाने लागलं आहे असं त्याला एकदाही वाटलं नाही, याचं मला नवल वाटतं. मी देवापुढे बसलो. काय पाहिजे ते नीट न सांगणाऱ्याला तो तरी काय देणार.

त्या दिवशी टॉवेलांच्या घड्या लावताना लोटन मला म्हणाला, "मामा, आते पुरे. गाठी बसी गयात. आखो इंजेक्शन नको." मुंबईला निघायला आठवडा राहिला आहे आणि त्याने पिशवी भरलेली नाही. बाकी ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्रास विशेष कारण नाही.

तुझा
वना

ता. क. ते टॉवेल आणि टोप्या तू पडेल त्या भावाने परत घे. तुझ्या दुकानातल्या 'विकलेला माल परत घेतला जात नाही' या पाटीचा मी मान राखतो, म्हणून मागच्या दाराने गाडी आणीन.

ता. क. दुसरा. टॉवेलांनी चौथी पाळीसुद्धा निघणार नाही, हे मलाही कळतं. मी गिरणीच्या इंजिनाचं भडगावच्या एका माणसाशी ठरवलं आहे. उरलेल्या तिन्ही पाळ्या निघतात. पण लोटनला त्याचा वास लागला आहे. इंजिन विकलं तर मुंबईला पाऊल टाकणार नाही, अशी त्याने अक्काची शपथ घेतली आहे. म्हणून तो मुंबईला निघाल्यावरच इंजिन हलेल. तू त्याला एवढं लिही की टॉवेल-टोप्या एका मोठ्या लग्नाला हातोहात गेल्या आणि रक्कम वनाकडे पोचती केली. टॉवेलला एवढा भाव कोण देतो असं तो म्हणेल. त्याचं उत्तर तुझ्याकडे असेल, तू व्यापारी आहेस. मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात, आणि पोरगा माझे कानच बघतो.

ता. क. तिसरा. उत्तर त्याच्याच नावाने पाठव. इंजिनाची किंमत मी आत वेगळ्या चिठोरीवर लिहिली आहे, तोच आकडा ठसठशीत घाल. आणि कृपा करून सवयीने त्याखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहू नकोस.