दुसरं बटण

कासिम,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

आपल्या हडपसरच्या कारखान्यात प्रेस मशीनला दोन बटणं आहेत, दोन्ही एकदम दाबली तरच ते चालतं. दोन्ही हात त्यांवर असले, की एकही हात आत जात नाही. काम लवकर उरकावं म्हणून सगळेच एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचे. सेफ्टीची तपासणी माझ्याकडे होती. बाकीच्यांना मी दटावून सोडलं, तुझं नाव मात्र साहेबांना कळवलं. त्यांनी तुला काढलं.

"सगळ्यांना सोडलंस आणि मलाच पकडलंस?" असं विचारून तू आपली मंगनी मोडलीस. प्रश्न रास्तच होता. पण बाकीच्यांची तुटलेली बोटं माझ्या स्वप्नात येत नव्हती रे.

तुझी दहाही बोटं शाबूत आहेत. त्यातल्याच एकाने तू माझा नंबर ब्लॉक केलास.

आता तुझी कुणीच नसलेली,
अलफिया