पात्यावरचा कुत्रा

३ मार्च
आजपासून रोज पहाटे अभ्यास. विषय : पाचशे वर्षांपूर्वीच्या तलवारी चित्रांवरून ओळखणे. सासऱ्यांना घराण्याची तलवार डोळे मिटायच्या आत संग्रहालयात लागलेली बघायची आहे. दुसरी इच्छा नाही. घरात जाणकार मी एकटाच.

४ मार्च
पहाट हुकली. उशी नवी आहे.

७ मार्च
संग्रहालय. एका चित्रात सरदार तलवार उपसून उभा. मुठीशी आपल्या तलवारीसारखीच कडी, तोच आडवा दांडा. पंधराव्या शतकाची अखेर! तिथल्या तज्ज्ञ बाईंना निकाल सांगून टाकला. त्या म्हणाल्या, चित्रकार मनाचंही रंगवतात, मी येऊन बघते, तोवर तिला हात लावू नका. माझ्यावर जळतात.

९ मार्च
फरक दोनच. चित्रातली चकाकते, आपली काळवंडलेली. शिवाय आपल्या पात्यात पितळेच्या तारेचा वेडावाकडा कुत्रा ठोकलाय. चित्रात कुत्रा नाही. म्हणजे नंतर कुणीतरी केलेला उद्योग. सासरे म्हणाले, लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून याच्यावर बोट फिरवायचो. शास्त्रात भावनेला जागा नाही, असं त्यांना तोंडावर सांगितलं. जेवले नाहीत.

१० मार्च, सकाळ
पॉलिश पेपर आणला. बायको म्हणाली, बाई नको म्हणाल्यात ना? चांगल्या कामात आडवं येणं ही तिची जुनी खोड.

संध्याकाळ
कुत्रा गेला. पातं आरशासारखं. त्यात मी अगदी तज्ज्ञ दिसतो.

१४ मार्च
बाई आल्या. पातं उजेडात धरून बघितलं. तो कुत्रा नव्हता म्हणे, धावता लांडगा, जुन्या कारागिरांचा शिक्का. तोच काय तो तिच्या वयाचा पुरावा होता. सासरे त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, पाचशे वर्षं टिकली हो. तुमची एक दुपार नाही सोसली तिला."
म्हातारपणी माणूस हळवा होतो.

२ एप्रिल
बाईंचा फोन. तलवार संग्रहालय घेणार! मी म्हणतच होतो. नवा कोट शिवायला टाकला.

१२ एप्रिल
सासऱ्यांना चाकांच्या खुर्चीतून नेलं. दालनात तलवार नाही. मागे शिकाऊ लोकांच्या कार्यशाळेत टांगलीय. खाली पाटी : 'सफाई कशी करू नये'. सासरे बघून डोळे मिटून बसले. तरी लागली तर खरी. पाटीवर माझं नाव नाही, म्हणून बाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, सासऱ्यांनी आग्रहाने घालायला लावलं होतं. तुमच्या बायकोने हात जोडून काढायला लावलं. उद्या आमची मुलं बघायला येतील, म्हणाली.
कोट उगाच शिवला.