जड पॉवर सप्लाय

मंगळवार, संध्याकाळ. माजलगाव.

माझ्या फ्लेक्सच्या दुकानात अजून जळका वास आहे. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय गेला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. धारूरच्या दाजींच्याच दुकानातून आणलेला. मी चांगल्या कंपनीचा उचलत होतो, तर म्हणाले, "कावून उगं जास्ती पैसे घालतो? हा धरून बघ. लई जड हाय. जड म्हंजी माल अस्सल." मीही कोबीचा गड्डा तोलावा तसा हातात तोलला. घरचा माणूस कशाला फसवील?

आज त्याचा डबा उघडला. आत लोखंडाची पट्टी चिकटवलेली. नुसती वजनाला! दाजींना माहीत होतं? असणारच. की त्यांच्याही हातात कुणी असाच ठेवला?

आत्ता ताईचा फोन. "ह्यांनी दिलेलं चांगलं चाललंय न्हवं?"

"हो ताई," म्हणालो. "लई जड हाय."