सुनंदाला बाहेर बसवलं

हिंगणघाट, शनिवार, १२ डिसेंबर १९८१

आज मी सुनंदाला मैदानाबाहेर का बसवलं, ते इथे तरी खरं लिहावं.

कॉलेजात असताना एका सामन्यात मी एकेचाळीस गुण केले होते. नऊ वर्षं तो विक्रम कुणी मोडला नाही. त्याच कॉलेजात आता मी बास्केटबॉल शिकवते, आणि आज सुनंदाचे चाळीस झाले. चार मिनिटं बाकी होती, सामना आम्ही जिंकल्यातच जमा होता. मी हात करून तिला बाहेर बोलावलं.

तिला साधी धापही लागली नव्हती.

"मॅडम, मले काऊन बसवलं?"

"दमलीस तू."

कसली दमली! धाप नव्हतीच, मला दिसत होतं. पोरीचा हेवा वाटला, दुसरं काय? शेवटची शिट्टी झाली तेव्हा जिंकल्याचा आनंद नंतर झाला, आधी हायसं वाटलं.

निघताना ती मुद्दाम माझ्याकडे आली. "मॅडम, माहा दम कमी पडून राह्यला. उद्यापासून पहाटे धावाले येईन."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "स्वेटर घालून ये, थंडी असते."