रंगीत टीव्ही हिंदुरावाचा, लेमन सेट माझा

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्यावर मन शांत ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. माझं मन शांतच आहे, लोक ठेवू देत नाहीत. संकल्प: महिनाभर कुणावर चिडायचं नाही.

संध्याकाळी भाजी घेऊन आलो. दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या, बेल दाबली. आमचं दार उघडायच्या आत शेजारच्या सुमनताईंचं दार उघडलं. कायमचंच आहे हे. मी आलो की बाई दारात हजर. विचारलं तर म्हणतात, बेल वाजली म्हणून आले. माझी बेल वाजली तर यांचं काय काम? नुसता चोंबडेपणा. चिडलो नाही. घरात आल्यावर बायकोला, दीपमालाला, हे सगळं सांगितलं, फक्त भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जुन्या कार्यक्रमांच्या चॅनलवर ‘आधी बेल’ हे प्रश्नमंजुषेचं खूळ पुन्हा लागायला लागलंय. रोज दुपारी चार वाजता. सोसायटीतल्या रविराजने लगेच ग्रुप काढला, ‘आधी बेल परिवार’. हा रविराज हिंजवडीच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. कार्यक्रम पहिल्यांदा लागायचा तेव्हा हा चड्डीत होता, आणि आता ॲडमिन!

मेसेजवर मेसेज. कुणाला सूत्रसंचालकाचा जांभळा कोट आठवतोय, कुणाला बक्षिसाचा प्रेशर कुकर. एका बाईंना ‘आधी बेल, मग अक्कल!’ हे त्याचं वाक्य पुन्हा ऐकून रडू आलं म्हणे. रिकामटेकडी माणसं. मी एकच ओळ टाकली: या कार्यक्रमात मी स्वतः खेळलेलो आहे.

सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. चांगलं वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कोण जिंकलं होतं, असं रविराजने विचारलं. नेमकं हेच विचारायचं होतं मेल्याला.

ग्रुपवर लिहिलं नाही, इथे लिहितो. साल १९९६, कामगार विशेष भाग. आमच्या भोसरीच्या कंपनीतून दोघे निवडले गेले. प्रेस शॉपमधून मी, इन्स्पेक्शनमधून हिंदुराव. आम्ही एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो. कार्यक्रमात आम्हाला एकाच टेबलाशी शेजारी बसवलं. प्रत्येकापुढे एक लाल बटण. दाबलं की बेल वाजणार आणि आपल्या नावाचा दिवा लागणार. दोघांचे दिवे एकदम लागले तर उत्तराचा मान उजवीकडच्याचा. उजवीकडे हिंदुराव.

मी बेल दाबली की त्याचाही दिवा लागायचा. एकदा नव्हे, दर वेळी! माझा खांदा हललेला बघून दाबत होता हलकट, दुसरं काय? शेवटचा प्रश्न: इंद्रायणी कोणत्या नदीला मिळते? मी इंद्रायणीकाठचा, हा साताऱ्याकडचा. तुळापूरचा संगम याला सायकलवर डबलसीट नेऊन दाखवला तो मीच. दोन्ही दिवे लागले, हा भीमा म्हणाला आणि रंगीत टीव्ही घेऊन गेला. मला लेमन सेट. एक जग, सहा ग्लास.

स्टुडिओबाहेर हा डोळ्यांत पाणी आणून मला मिठी मारायला आला. नाटकी माणूस. मी तोंड फिरवलं. त्याच आठवड्यात खोली सोडली. आजतागायत बोललेलो नाही.

भाग लागला तो गुरुवारी. गुरुवारी भोसरीत कंपन्यांना सुट्टी आणि दुरुस्तीसाठी लाईट बंद. आमच्यातल्या एकानेही तो बघितला नाही. वाचला हिंदुराव. आता बघू कसा वाचतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिफ्ट परत बिघडली. खाली जायचं असलं की आधी वर जाते, वर जायचं असलं की आधी खाली. बाकी कुणाला हा त्रास नाही असं सेक्रेटरी म्हणाले. बाकीचे बोलत नाहीत, मी बोलतो, एवढाच फरक आहे.

रविराजने हिशोब घातला. कामगार विशेष भाग येत्या २३ तारखेला, रविवारी. मी सुचवलं, क्लब हाऊसमधल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून बघू. रविराज खूश. इतका खूश की त्याने हिंदुरावालाही शोधून काढलं. चाकणला असतो म्हणे. ‘विजेते हिंदुराव’ यांचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचं ठरलं. मला न विचारता!

दोन तास चिडलो. मग लक्षात आलं, हे उत्तमच आहे. चोराच्या तोंडावर चोरी दाखवायची. भाषण लिहायला घेतलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रविराज बागेत भेटला. फार नम्रपणे विचारलं, काका, तुमची बेल दाबायला जरा उशीर तर होत नव्हता ना?

मला! ज्याचं आयुष्य बटण दाबण्यात गेलं त्याला! रविराजला तिथेच उभं करून समजावलं. पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात. एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे प्रेस येते तेव्हा दोन्ही हात बटणावर असतात, आत नसतात. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने सांगितलं होतं, एका हाताने बटण दाबणारा माणूस एक दिवस एका हाताचाच होतो. तेव्हापासून ती सवय हाडात भिनलीय. आमच्या शॉपमधले कितीतरी जण बोटं घालवून बसले. माझी दहाही शाबूत. आणि हा म्हणतो उशीर!

रविराज माझ्या हातांकडे बघत राहिला. असे हात त्याने कधी बघितले नसतील.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दीपमाला म्हणाली, सोडून द्या आता, त्यो बिचारा आपल्या लग्नाला आला व्हता, पार मागं उभा राहून अक्षता टाकून न जेवता गेला, तुमी वळून सुदिक बघितलं न्हाई. मी म्हणालो, टीव्ही सोबत आणला होता का? ती म्हणाली, तुमच्याशी बोलण्यात अर्थ न्हाई, आणि सरबत ठेवून गेली. लेमन सेटच्या ग्लासात. मुद्दाम.

दुपारी ग्रुपवर हिंदुराव आला. लिहिलं, ‘सयाजी, तू आहेस का इथं? चार लोकांत एक गोष्ट सांगायची लई वर्षांपासून मनात हाय. रविवारी सांगीन.’

म्हणजे कबूल करणार. मी पकडायच्या आधी स्वतःच सांगून टाळ्या घेणार. जुना डाव आहे त्याचा, आपल्याआधी दाबायचं.

भाषणाला आणखी एक पान जोडलं.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी

भाषण पाठ झालं. ‘मित्रहो, आज तुम्ही विश्वासघात याचि डोळा बघाल’ अशी सुरुवात. रविराजला सांगून ठेवलंय, कार्यक्रम रेकॉर्ड करत राहा, प्रश्नाला बेल वाजली की पडदा थांबव, हिंदुरावाचे हात मोठे करून दाखव. सत्काराची शाल आज तरी योग्य खांद्यावर पडेल. इस्त्रीचा शर्ट. दीपमाला येत नाही म्हणाली. तिला माझं यश बघवत नाही.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी

बागेतल्या बाकावर बसून लिहितोय. रोजनिशी पिशवीत होती, भाषणाच्या कागदांबरोबर. घरी थोड्या वेळाने जाईन.

क्लब हाऊस भरलेलं. सुमनताई पहिल्या रांगेत, असणारच. हिंदुराव म्हातारा झालाय. शाल-नारळ त्याला सुरुवातीलाच देऊन झाले. मी त्याच्यापासून चार खुर्च्या सोडून बसलो.

पहिला प्रश्न. बेल. दोन्ही दिवे. रविराजने पडदा थांबवला आणि हिंदुरावाचे हात मोठे केले.

ते मांडीवर होते. दोन्ही. आणि तो बावळटासारखा आपल्या दिव्याकडे बघत होता.

मग पडद्यावर टेबल मोठं झालं. माझ्या डाव्या हाताखाली माझं बटण. माझ्या उजव्या हाताखाली हिंदुरावाचं बटण. दोन्ही एकदम, दाबून, पाठ ताठ. मागे कुणीतरी फिस्कन हसलं. मी म्हणालो, कॅमेरा तिरका लावलाय, पुढे चला. पण रविराज सांगितलेलं काम चोख करणारा पोरगा. प्रत्येक प्रश्नाला थांबला. प्रत्येक प्रश्नाला माझे दोन हात, हिंदुरावाची मांडी. इंद्रायणीच्या प्रश्नापर्यंत मागची सगळी रांग हसत होती. मी भाषणाचे कागद पिशवीत आणखी खोल सारले.

तेवढ्यात हिंदुराव उठला आणि त्याने माईक घेतला. म्हणाला, तवा माजं लग्न ठरलं व्हतं, खोलीत एक खुर्ची न्हवती, नव्या बायकूला निदान टीव्ही तरी असावा असं मी एकदा याच्याजवळ बोललो व्हतो. ह्या माणसानं दर प्रश्नाला माजी बेल दाबली. उत्तर येत असून गप बसला. आभार मानायला गेलो तर तोंड फिरवलं, खोली सोडून गेला, का तर उपकार बोलून दाखवायचे न्हाईत. लग्नालाबी गेलो याच्या, तरी बोलला न्हाई. असला दोस्त कुणाला मिळतो, राव?

आणि सत्काराची शाल त्याने आपल्या खांद्यावरून काढून माझ्या खांद्यावर घातली. नारळही दिला. तो खरोखरच रडत होता. स्टुडिओबाहेरही खरोखरच रडला असणार. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी एकटाच जेवलो कंपनीच्या कँटीनमध्ये.

टाळ्या थांबेनात. माईक माझ्यापुढे आला. मी म्हणालो, मित्रासाठी एवढं करावंच लागतं.

आता बसून विचार करतोय आणि नीट आठवतंय. मी मुद्दामच दाबली होती. नक्की. हिंदुराव टीव्हीबद्दल बोलला होता, ते माझ्या मनात राहिलं असणार. मोठ्या मनाच्या माणसांना स्वतःचं मोठेपण लक्षात राहत नाही. येत्या गुरुवारी त्याच्याकडे जेवायला जायचं ठरलंय. दीपमालाला हे सगळं सांगतो. बघू आता काय म्हणते.

२३ नोव्हेंबर, सव्वासात

लिफ्ट आधी खाली पार्किंगमध्ये गेली, मग वर.

नारळ खाली ठेवला, शाल सारखी केली, बेल दाबली. आमचं दार उघडलं. सुमनताईंचंही उघडलं.

या वेळी त्या भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवर दोन बटणं आहेत, एक आमचं, एक त्यांचं. दोन्हींवर माझे हात होते. दीपमालाही तिकडेच बघत होती.

सुमनताईंनी विचारलं, सयाजीराव, रोज मला काय जिंकवताय?

हात खाली घेतले, तेही दोन्ही एकदम.